मुंबईतील मुक्काम

कामानिमित्त दोन-चार दिवसांसाठी मुंबईस येणाऱ्या मध्यम प्राप्तीच्या गृहस्थाने भाड्याचा दर विचारण्यापूर्वी आपले काम कोणत्या रेल्वेमार्गावर आहे, हे निश्चित करावे. कारण उपनगरात स्वस्त खोली घेऊन रोज सकाळच्या गर्दीत लोकलला लोंबकळत येण्यात जो शक्तिव्यय होतो, तो कोणत्याही पावतीवर दिसत नाही. उच्च न्यायालयात तारीख असेल, तर फोर्टातील एखादे जुने, जिना चढून जावे लागणारे गेस्ट हाऊस पायी येण्याजाण्यास सोयीचे. कामे विखुरलेली असतील, तर पश्चिम व मध्य हे दोन्ही मार्ग जेथे मिळतात ते दादर उत्तम. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातलगांनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी करावी.

मुख्य मेख दिवसाच्या हिशेबात असते. विदर्भाकडील रात्रीच्या गाड्या उतारूस सकाळीच आणून सोडतात, आणि भाड्याचा दिवस दुपारी बाराला पालटणारा असेल, तर त्या चार-पाच तासांपायी एका दिवसाचे जादा भाडे पडू शकते. म्हणून चोवीस तासांचा हिशेब असलेली जागा, दर किंचित अधिक असला तरी, पत्करावी. अनामत भरण्यापूर्वी खोली समक्ष पाहावी, नळ सोडून पाहावा, गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळते ते विचारावे, आणि खिडकी खरोखर उघडते की तिच्यामागे प्लायवुडचे पार्टिशन आहे (हा प्रकार दुर्मीळ नाही!) याची खातरजमा करावी. आरक्षित तिकीट असलेल्यांना स्थानकावरील विश्रामकक्षही मिळू शकतो. मात्र तो आगाऊ राखून ठेवावा.