बारावीनंतर विषय निवडताना : नाव नको, काम बघा



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो, "आता पुढे काय?" खरं तर या एका प्रश्नात तीन प्रश्न एकत्र झालेले असतात : कॉलेज कोणतं, कोर्स कोणता आणि विषय कोणता. पहिल्या दोन प्रश्नांवर खूप चर्चा होते. फी, हॉस्टेल, अंतर, कटऑफ, प्लेसमेंट, सगळं बघितलं जातं. तिसरा प्रश्न मात्र प्रवेश अर्ज भरण्याच्या रांगेत उभं राहिल्यावर दोन मिनिटांत सुटतो. मैत्रिणीने मानसशास्त्र घेतलं म्हणून मीही घेतलं, असं होतं. पुढची तीन-चार वर्षं मुलाला रोज ज्याच्यासोबत बसायचं आहे, तो तर विषयच! म्हणून आज फक्त त्याबद्दल बोलू.

विषयाचं नाव वेगळं, विषयातलं काम वेगळं

मुलं विषय निवडतात तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या नावावरून मनात तयार झालेलं चित्र निवडतात. प्रत्यक्ष वर्गात काय करावं लागतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. काही उदाहरणं बघा.

*मानसशास्त्र* : "मला माणसं समजून घ्यायला आवडतात" म्हणून हा विषय घेणारी मुलं भरपूर आहेत. पण इथे सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध असं संख्याशास्त्र येतं. प्रयोग करून त्याचा अहवाल लिहावा लागतो. शिवाय बी.ए. झालं की लगेच समुपदेशक होता येतं असंही नाही. एम.ए. आणि त्यापुढचं प्रशिक्षण लागतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. हे माहीत असून मूल "चालेल" म्हणत असेल तर उत्तम. माहीत नसेल, तर दुसऱ्या वर्षी धक्का बसतो.

*अर्थशास्त्र* : बातम्यांतलं बजेट, महागाई वाचायला आवडते म्हणून घेतलं जातं. ते ठीकच आहे. पण या विषयात वर जावं तसं गणित वाढत जातं. नामांकित संस्थांत पदव्युत्तर प्रवेश घ्यायचा तर कलनशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्याशिवाय भागत नाही.

*भूगोल* : "पाठांतराचा विषय" असा याचा लौकिक. प्रत्यक्षात यात प्रात्यक्षिकं असतात. सर्व्हे ऑफ इंडियाचे स्थलदर्शक नकाशे वाचणं, आलेख काढणं, गावाचं सर्वेक्षण करणं आणि आता संगणकावर जीआयएस वापरून नकाशे बनवणंही आलं. हाताने काम करायला आवडणारं मूल इथे रमतं.

*इतिहास* : गड-किल्ले आवडतात म्हणून इतिहास घ्यावा, जरूर घ्यावा. पण इतिहासाचं खरं काम कागदाशी आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतले असंख्य कागद आहेत. एकाच घटनेबद्दल दोन कागद दोन गोष्टी सांगतात, तेव्हा कोणावर किती विश्वास ठेवायचा हे ठरवणं म्हणजे इतिहास.

*सूक्ष्मजीवशास्त्र* : माध्यम तयार करा, निर्जंतुक करा, प्लेटवर नमुना पसरवा, चोवीस तास थांबा, मग मोजा. काही चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. ज्याला धीर आहे त्याच्यासाठी हा विषय सुंदर आहे, घाईच्या माणसाला मात्र तो छळतो.

*संगणकशास्त्र* : मोबाईल छान हाताळता येतो, म्हणजे हा विषय जमेल असं नाही. प्रोग्राम चालत नाही म्हणून एका चुकीमागे दोन तास बसायची तयारी आहे का, हा खरा प्रश्न. आणि गणित इथेही आहेच.

थोडक्यात, मुलाला "तुला काय आवडतं?" असं विचारण्याऐवजी "तुला काय करत बसायला आवडतं?" असं विचारा. उत्तर वेगळं येतं.

काही दारं अकरावीतच बंद होतात

हा भाग खास दहावीच्या पालकांसाठी. पदवीचा विषय बारावीनंतर ठरतो असं आपल्याला वाटतं, पण अर्धा निर्णय अकरावीला विषय घेतानाच झालेला असतो.

- विज्ञान शाखेत गणित सोडलं की अभियांत्रिकी बंद. बी.एस्सी.ला गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र घेणंही बहुतेक ठिकाणी अवघड. अनेक महाविद्यालयांत संगणकशास्त्राच्या बी.एस्सी.लाही बारावीचं गणित मागतात.
- जीवशास्त्र सोडलं की नीट, म्हणजेच वैद्यकीयचा रस्ता अवघड होतो. फार्मसीला मात्र भौतिक-रसायनसोबत गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालतं.
- वाणिज्य शाखेत "मॅथ्स की एसपी?" हा दरवर्षीचा प्रश्न. एसपीला मार्क मिळतात म्हणून डोळे झाकून तो घेतला जातो. ज्याला पुढे अर्थशास्त्र किंवा आकडेवारीच्या विश्लेषणाकडे जायचं आहे, त्याने हा निर्णय मार्कांवर घेऊ नये. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्ससाठी गणित लागतंच.
- विज्ञानातून कला किंवा वाणिज्यकडे येता येतं. उलट दिशेने सहसा जाता येत नाही.
- विधी शाखेचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि सीए हे दोन्ही रस्ते कोणत्याही शाखेच्या मुलाला खुले आहेत.

याचा अर्थ सगळ्यांनी गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्यावं असा नाही. दार बंद करायला हरकत नाही. ते बंद करतोय हे माहीत असलं पाहिजे, एवढंच.

कटऑफ म्हणजे विषयाचा दर्जा नव्हे

एमएचटी-सीईटीनंतर पसंतीक्रमाचा अर्ज भरताना काय होतं बघा. मागच्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवायचे आणि जास्तीकडून कमीकडे यादी लावायची. सायबर कॅफेवाला दहा मिनिटांत ते करून देतो. पण कटऑफ सांगतो फक्त मागणी. गेल्या वर्षी त्या जागेसाठी किती झुंबड होती, एवढंच. तुमच्या मुलाला ती शाखा जमेल का, हे त्यात कुठेच नाही.

सिव्हिलची मनापासून आवड असलेला मुलगा "पर्सेंटाईल वाया जाईल" म्हणून कॉम्प्युटर वर टाकतो. आणि नियम असा आहे की पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली, तर ती जागा घ्यावी लागते. म्हणजे तो क्रम हाच निर्णय असतो. म्हणून यादी आधी घरी कागदावर लिहा, मुलाच्या हाताने. कटऑफ नंतर बघा, आणि तेही फक्त मिळण्याची शक्यता किती हे समजण्यापुरते.

नव्या धोरणात थोडी मोकळीक आहे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. आता एक मुख्य विषय म्हणजे 'मेजर', एक दुय्यम विषय म्हणजे 'मायनर' आणि शिवाय दुसऱ्या शाखेतला खुला विषय घ्यायचा असतो. भौतिकशास्त्राच्या मुलीला खुल्या विषयात अर्थशास्त्राची ओळख करून घेता येते. तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मध्येच थांबावं लागलं तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका अशीही सोय आहे.

अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षी दोन-तीन विषय शिकून मग दुसऱ्या वर्षी मेजर ठरवता येतो. प्रवेश घेण्याआधी ऑफिसात हे तीन प्रश्न नक्की विचारा : मेजर कधी ठरवायचा? नंतर बदलता येतो का? आणि तुमच्याकडे या विषयाला मेजर म्हणून पुरेसे शिक्षक आहेत का? तिसरा प्रश्न विचारायला संकोचू नका. माहितीपत्रकात विषय असतो, शिकवायला माणूस नसतो, असंही होतं.

एका तासाचा उपक्रम

हा उपक्रम शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात सहज होतो, आणि घरीही.

१. मुलाच्या मनातले तीन विषय लिहून घ्या. त्यांचा प्रथम वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तो छापून घ्या.

२. प्रत्येक घटकापुढे मुलाने खूण करायची : "आवडेल", "चालेल" किंवा "नको". सगळंच "आवडेल" असा विषय जगात नाही. पण निम्म्याहून जास्त "नको" आले, तर पुन्हा विचार करा.

३. प्रथम वर्षाची एक जुनी प्रश्नपत्रिका वाचा. उत्तरं येण्याची गरज नाही. असे प्रश्न सोडवायची इच्छा होते का, ते बघा.

४. त्या विषयाच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी बोला. "विषय कसा आहे?" असं विचारलं तर "मस्त आहे" एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी "मागच्या आठवड्यात तासाला काय काय केलं?" असं विचारा.

"पण याला स्कोप आहे का?"

पालकांचा हा प्रश्न चुकीचा नाही. घरात एकच पगार असेल, कर्ज काढून शिकवायचं असेल, तर तो विचारावाच लागतो. मुलांनीही तो "बाबांची कटकट" समजून उडवून लावू नये.

मात्र उत्तर नीट शोधू या. स्पर्धा परीक्षा, बँक, एमबीए, तीन वर्षांची एलएल.बी. यांसाठी साधारणपणे कोणत्याही विषयाची पदवी चालते. तिथे आवडीच्या विषयात चांगले गुण मिळवणं हाच व्यवहार. शिक्षक व्हायचं असेल तर उलट आहे, कारण बी.एड.ला कोणत्या विषयाची अध्यापन पद्धती मिळेल हे पदवीच्या विषयावर ठरतं. म्हणजे स्कोप विषयाला जसा असतो, तसा तो त्या विषयातून जाणाऱ्या पुढच्या रस्त्यालाही असतो. तो रस्ता दोन-तीन पायऱ्यांपर्यंत कागदावर मांडा, खर्चासकट.

मुलींच्या पालकांना एक आठवण. २०२४-२५ पासून, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतील मुलींना शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. "मुलगी आहे, जवळच्या कॉलेजात जे मिळेल ते घेऊ दे" असं ठरवण्याआधी ही चौकशी जरूर करा.

शिक्षकांना शेवटची एक विनंती. आपण विद्यार्थ्याला सहज म्हणून जातो, "तुला हे नाही झेपणार" किंवा "तू हुशार आहेस, आर्ट्सला कशाला?" आपण विसरतो, पण मूल ते वाक्य घरी घेऊन जातं आणि कधी कधी त्यावरच अर्ज भरतं. तेव्हा मत देण्याआधी त्याच्या हातात अभ्यासक्रमाचा कागद द्या. तो वाचून मूल जे ठरवेल, ते त्याचं स्वतःचं असेल. अवघड धडा आला की असं मूल तग धरतं.

हा उपक्रम आपल्या वर्गात करून बघा आणि दहावी-बारावीच्या पालकांपर्यंतही पोहोचवा.