अद्भुताचा रतीब

अद्भुत कादंबरी लिहिणाऱ्याला गोष्ट सांगण्याआधी एक जग उभे करावे लागते. सामाजिक कादंबरीत 'शनिवार पेठ' एवढे म्हटले तरी वाडा, बोळ, नळावरची भांडणे आणि बोलण्याची तऱ्हा वाचक स्वतःच्या गाठोड्यातून काढून आणतो. अद्भुताच्या बाबतीत ते गाठोडे रिकामे असते. त्या राज्यात पाऊस कधी पडतो, मंत्र कोणाला साधतो, साधल्यावर त्याची किंमत काय चुकवावी लागते, मेलेला माणूस परत येऊ शकतो का, हे सारे लेखकानेच ठरवायचे असते आणि पाचशे पाने उलटली तरी विसरायचे नसते. म्हणून हा प्रकार मुळातच लांबत जातो. एका पुस्तकात न मावता तो तीन, पाच, दहा खंडांत पसरतो. एवढ्या लांब कामाला लागणाऱ्या वेळाचा खर्च छापील पुस्तकाच्या हिशेबात कुठेच बसत नाही. तीनशे रुपये किमतीच्या मराठी कादंबरीची हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली आणि रॉयल्टी दहा टक्के धरली, तर लेखकाला मिळतात तीस हजार रुपये. कादंबरीला दोन वर्षे लागली असतील तर महिन्याला साडेबाराशे. या आकड्यावर कोणाचे घर चालत नाही, त्यामुळे मराठीत अद्भुत लिहिणारा बहुधा नोकरी करून, रात्री उशिरा आणि सुट्टीच्या दिवशी लिहीत आला आहे.

या जुन्या कोड्याला अलीकडच्या काळात बंगळुरूने एक उत्तर दिले आहे. 'प्रतिलिपी' ही कंपनी तिथे 2014 मध्ये सुरू झाली आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांतल्या लेखकांना तिने मोबाइलवर कादंबरी भागाभागाने छापण्याची सोय दिली. 2018 मध्ये सुरू झालेल्या आणि त्याच शहरात वाढलेल्या 'पॉकेट एफएम'ने तेच ऐकण्याच्या गोष्टींत केले. पद्धत साधी आहे. लेखक रोज किंवा दोन-तीन दिवसांनी एक भाग देतो. वाचक लगेच अभिप्राय कळवतात, आवडल्यास छोटी रक्कम देतात किंवा वर्गणी भरून पुढचे भाग इतरांच्या आधी वाचतात. मालिका शंभर-दोनशे भागांपर्यंत सहज जाते. चेटकिणी, नागलोक, शापित वाडे, पुनर्जन्म, समांतर विश्वे यांना तिथे भरपूर मागणी असते. थोडक्यात, पुस्तक एकदाच विकण्याऐवजी लेखक आता रतीब घालतो. हा रतीब म्हणजे वाङ्मयाची घसरण आहे असे मानणारे पुष्कळ आहेत. मला तसे वाटत नाही. अद्भुत कादंबरीला रतीब मानवतो आणि वाचकाशी रोजचा व्यवहार तिचे भलेच करतो. धोका आहे तो निराळ्या जागी: गोष्टीचा शेवट आणि गोष्टीचे हक्क कोणाच्या हाती राहतात, तिथे.

पहिला आक्षेप दर्जाचा. तुकड्यातुकड्यांनी, वाचकाच्या तोंडाकडे पाहत लिहिलेले ते साहित्य कसले, असे विचारले जाते. पण मराठी कादंबरी त्याच वाटेने मोठी झाली आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 मध्ये आली, त्यानंतर काही वर्षांतच रिसबुडांची 'मंजुघोषा'. आपल्या कादंबरीचे हे सुरुवातीचे पीक बहुतांशी अद्भुताचेच होते. मग हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्या साप्ताहिकातून क्रमशः छापली. आज आपण जिला मराठी वास्तववादाचा पाया मानतो, ती कादंबरी वाचकांपर्यंत आठवड्याच्या हप्त्याने पोचत होती. उत्तरेत त्याच सुमारास देवकीनंदन खत्री 'चंद्रकांता' लिहीत होते. चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके त्यांनी घेतले होते, आणि तिथले पडके किल्ले, खोरी, गुहा त्यांच्या तिलिस्मात, म्हणजे मायावी भूलभुलैयात, उतरल्या. ती कादंबरी वाचता यावी म्हणून अनेकांनी हिंदी शिकून घेतली असे हिंदी साहित्याच्या इतिहासात आवर्जून सांगितले जाते. तिच्या पुढच्या 'चंद्रकांता संतति'चे चोवीस भाग झाले. खत्रींनी पुढे स्वतःचा लहरी प्रेसही काढला. जंगलाचा ठेकेदार, कादंबरीकार आणि छापखान्याचा मालक या तिन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या, आणि तिघांनाही बांधून ठेवणारा धागा होता पुढच्या भागाची वाट पाहणारा वाचक. तेव्हा रतीब ही बंगळुरूची युक्ती नव्हे. बंगळुरूने टपाल आणि छापखाना यांच्या जागी मोबाइल आणला, इतकेच.

एक गोष्ट मात्र खरोखर नवी आहे. आपल्याकडे अद्भुत, गूढ आणि भय यांचा वाचक पिढ्यान् पिढ्या फिरत्या वाचनालयांनी पोसला. नारायण धारप (1925–2008) घरोघर पोचले ते दुकानांपेक्षा वाचनालयांतून. प्रत फाटेपर्यंत शंभर हातांतून जायची. शंभर जण रात्री दिवा लावून झोपायचे, आणि लेखकाला रॉयल्टी मिळायची एकाच प्रतीची. ब्रिटनने 1979 मध्ये कायदा करून सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक बाहेर गेले की लेखकाला थोडा मोबदला मिळण्याची सोय केली. आपल्याकडे अशी तरतूद नाही. म्हणजे ज्या लेखकाचे वाचक सर्वांत जास्त, त्याच्या वाचकांची नोंद सर्वांत कमी. भागागणिक पैसे घेणाऱ्या व्यवस्थेत प्रथमच प्रत्येक वाचक मोजला जाऊ लागला. त्या मोजणीतून लेखकाच्या वाट्याला किती येते हा पुढचा प्रश्न. पण मोजणीच नसेल तर वाटा मागायचा तरी कशाच्या आधारे?

वाचकाशी रोजचा संबंध अद्भुत कादंबरीला विशेष मानवतो, याचे कारण तिच्या बांधणीत आहे. वास्तव जगाचे नियम कोणी मोडले तर जगच आपल्याला सांगते. कल्पित जगाचे नियम मोडले गेले तर सांगणारा एकटा वाचक असतो. तिसऱ्या भागात राक्षसाला लोखंड चालत नव्हते आणि नव्वदाव्या भागात तो तलवार घेऊन उभा राहिला, तर ही चूक पकडणारी नजर लेखकापेक्षा वाचकाची जास्त तीक्ष्ण असते, कारण लेखकाने ते जग एकदाच लिहिलेले असते आणि वाचकाने ते चारदा वाचलेले असते. म्हणून अद्भुताचा वाचक ग्राहकाहून अधिक काही असतो. तो त्या जगाच्या दप्तराचा कारकून असतो, आणि हे काम तो हौसेने, फुकट करतो. अमेरिकेतल्या ब्रँडन सँडरसन या कादंबरीकाराने हा संबंध नीट ओळखला. हॉटेलात रात्रपाळीला बसून सुरुवातीच्या कादंबऱ्या लिहिलेला हा लेखक आपले कोणते पुस्तक किती टक्के लिहून झाले हे वाचकांना उघड सांगतो. 2022 मध्ये त्याने चार नव्या कादंबऱ्यांसाठी थेट वाचकांकडे आगाऊ पैसे मागितले, तेव्हा 1 लाख 85 हजारांहून अधिक लोकांनी मिळून 4 कोटी डॉलरांच्या वर रक्कम दिली. त्यातली गोम अशी की पैसे मागितले तेव्हा चारही कादंबऱ्या लिहून झालेल्या होत्या. विश्वास असा काम दाखवून कमावला जातो. याउलट जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या गाजलेल्या मालिकेचा पाचवा खंड 2011 मध्ये आला आणि सहाव्याची वाट पाहता पाहता वाचकांचे प्रेम कुरबुरीत आणि कुरबूर टिंगलीत उतरली. मार्टिन वाचकांचे देणे लागतात की नाही यावर पुष्कळ वाद झाले आहेत. माझ्या मते लेखक आपला वेळ किंवा खासगी आयुष्य वाचकाचे देणे लागत नाही. लागतो ते एवढेच की आपल्या जगाचे नियम पाळावेत आणि गोष्ट संपवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा.

इथे दुसरा आक्षेप पुढे येतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. रोज वाचकाचा कौल घेणारा लेखक हळूहळू वाचकाचा ताबेदार होत नाही का? होऊ शकतो. लोकप्रिय पात्राला मारता येत नाही, कारण वाचक नाराज होतील. आर्थर कॉनन डॉयल यांनी 1893 मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटले आणि 1903 मध्ये त्याला परत आणावे लागले. पण डॉयल यांच्यावर दडपण होते ते वाचकांच्या पत्रांचे आणि संपादकांच्या आग्रहाचे. आजच्या लेखकावर आकड्यांचे असते: किती जणांनी भाग अर्ध्यात सोडला, किती जण पुढच्या भागावर आले, कालच्यापेक्षा आज किती कमी. पत्राशी वाद घालता येतो, आकड्याशी येत नाही. याचा परिणाम गोष्टीच्या शेवटावर होतो. चालू मालिका पैसे देते, संपलेली देत नाही, म्हणून खलनायक मरतो आणि त्याचा भाऊ उगवतो. शाप उतरतो आणि दुसरा चढतो. आकड्यांच्या या सत्तेचे चित्र कल्पितातही उमटले आहे. लावण्या लक्ष्मीनारायण या बंगळुरूच्या लेखिका कॉम्प्युटर गेम रचण्याच्या धंद्यात होत्या. त्यांचे 2020 चे पुस्तक विज्ञानकल्पिका आहे, आणि 2023 मध्ये 'द टेन पर्सेंट थीफ' या नावाने ब्रिटनमध्ये निघाल्यावर ते आर्थर सी. क्लार्क पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचले. त्यातले भविष्यातले शहर, म्हणजे आजचे बंगळुरूच, प्रत्येक नागरिकाची उत्पादकता मोजते. वरच्या वीस टक्क्यांना सारे सुख आणि तळाच्या दहा टक्क्यांना वीज-पाण्याविना शहराबाहेरचा रस्ता. लेखकांना रोज चढत्या-उतरत्या यादीत बसवणाऱ्या व्यवस्था ज्या शहरात तयार झाल्या, त्याच शहराची ही कल्पना असावी हे सूचक आहे. तरीही यातून वाचकाला दूर ठेवा असा निष्कर्ष निघत नाही. संपादकांची मर्जी, साप्ताहिकाची रिकामी पाने भरण्याची घाई, हे जुन्या लेखकांच्याही मागे होते. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, तेव्हा कोणताही आकडा त्यांना छळत नव्हता. उपाय इतकाच की शेवट आधी ठरलेला असावा. वाट वाचकाबरोबर चालता चालता ठरली तर बिघडत नाही. मुक्काम मात्र लेखकाचा स्वतःचा हवा.

आता हक्कांकडे वळू, कारण खरे नुकसान तिथे होते आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. अद्भुत जग ही एकदाच विकून संपणारी वस्तू नसते. त्यातून चित्रकथा निघते, श्राव्य मालिका निघते, चित्रपट आणि खेळ निघतात. खेळ बनवणाऱ्या क्राफ्टन या दक्षिण कोरियातल्या कंपनीने 2021 मध्ये प्रतिलिपीत मोठी गुंतवणूक केली. गोष्टींच्या कोठारात खेळवाल्यांना काय दिसते, हे समजायला फार हुशारी लागत नाही. अमीश त्रिपाठी यांचे उदाहरण दुसऱ्या बाजूने बोलके आहे. वित्तक्षेत्रात नोकरी करणाऱ्या या लेखकाचे पहिले पुस्तक बऱ्याच प्रकाशकांनी नाकारले. 2010 मध्ये ते आले तेव्हा पहिले प्रकरण फुकट वाटून वाचक जोडावे लागले. पुढे वेस्टलँड या प्रकाशनसंस्थेने त्यांना नव्या मालिकेसाठी पाच कोटींची आगाऊ रक्कम दिली. तीच वेस्टलँड बंद करण्याचे तिची मालक असलेल्या अॅमेझॉनने फेब्रुवारी 2022 मध्ये जाहीर केले. तिथल्या संपादकांचा चमू काही आठवड्यांत प्रतिलिपीबरोबर उभा राहिला आणि अमीश यांची पुस्तके हार्परकॉलिन्सकडे गेली. प्रकाशनसंस्था एका घोषणेत मिटू शकते. लेखक तरला, कारण त्याचे हक्क आणि त्याचे वाचक त्याच्याबरोबर निघू शकले. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा या बाबतीत लेखकाच्या बाजूचा आहे. हक्क लेखी कराराशिवाय देता येत नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. 2012 च्या दुरुस्तीनंतर, करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हते त्याचा हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय जात नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे राहतात, म्हणजे धारपांच्या लेखनाचे 2068 अखेरपर्यंत. 2018 चा 'तुंबाड' पडद्यावर आला तेव्हा त्यामागच्या प्रेरणेत धारपांचे नाव पुन्हा घेतले गेले आणि नव्या पिढीने त्यांची पुस्तके शोधली. गोष्ट लेखकानंतरही कमावते ती अशी.

कोणी म्हणेल, मोबाइलवर 'मान्य' हे बटण दाबणारा तालुक्याच्या गावचा लेखक हे सारे कुठे वाचत बसणार? म्हणूनच हे काम एकट्यावर सोडून चालणार नाही. साहित्य संमेलनांत कादंबरीच्या भवितव्यावर परिसंवाद होतात. त्यांतला एक तास करार कसा वाचावा यासाठी दिला तर परिसंवादांपेक्षा जास्त कादंबऱ्या वाचतील. साहित्य परिषदांनी भागाभागाने लिहिणाऱ्यांसाठी मराठीत एक नमुना-करार तयार करणे काही अवघड नाही. वाचकालाही एक सांगणे आहे. आवडत्या लेखकाला रोज 'पुढचा भाग कधी' असे विचारता, तसे कधी 'शेवट ठरला आहे का' असेही विचारा, आणि गोष्ट संपली तर पैसे देऊन ती पुन्हा वाचा. रतीब घालण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र दूध रोज दुसऱ्याच्या दारात ओतायचे असेल, तर गोठ्यातली म्हैस तरी आपल्या नावावर असली पाहिजे.