कोमट असतानाच

पहाटे ५. दुकान उघडलं की आधी काल गाळलेल्या तेलाची बरणी बल्बसमोर धरते. रंग लालसर असला तर ठीक. काळपट दिसलं, चमच्यावरून तार धरून ओघळलं, की ते बाजूच्या डब्यात. आमच्या मूल गावच्या थंडीत पामतेल रात्रीतून तुपासारखं थिजतं. तेच नालीत गेलं की काय होतं ते दोन वर्षांपूर्वी पाहिलं. बांबूची कामटी घालून मेणासारखे पांढरे गोळे उपसले होते. तेव्हापासून मोरीत तेलाचा थेंब जाऊ देत नाही.

७ ते १०. चंद्रपूर-गडचिरोली रस्त्यावरची गिऱ्हाइकी. आलुबोंडे, मिरची भजी, तर्री-पोहे. मिरची पुसून कोरडी केल्याशिवाय बेसनात बुडवू नको, एवढंच पोराला सारखं सांगते. पाणी आणि मीठ तेल लवकर नासवतात, तळाचा जळका चुरा तर फारच. म्हणून दर खेपेनंतर झारा फिरवायचाच.

११. कॉलेजची पोरं येतात, सँडविचचं ग्रिल सुरू. २००० वॅटचं यंत्र नऊएक अँपिअर ओढतं, त्याला १६ अँपिअरचाच पॉइंट हवा. लोणी तव्यावर टाकत नाही, पावाला बाहेरून पातळ लावते. लोण्यातला दुधाचा अंश आधी करपतो, आणि त्यावर तेलाचा थर बसत गेला की लाखेसारखा चिकटतो. आमच्याकडे लाकडी दारांना जवसाचं तेल लावायचे, ते वाळून कडक व्हायचं म्हणूनच. ग्रिलवरचं तेल उष्णतेने तसंच घट्ट होतं, सुटता सुटत नाही.

दुपारी १. दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम हे. प्लग काढायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. तवा हाताला सोसेल इतका कोमट झाला की सुती फडकं भिजवून, घट्ट पिळून, घडी करून दोन तव्यांच्या मध्ये ठेवते आणि झाकण मिटते. आतल्या ओलसर उबेने थर मऊ होतो. मग लाकडी उलथन्याने खाचाखाचांतून ओढला की तपकिरी चिकटा सुटून पुढच्या ट्रेमध्ये पडतो. तारेची घासणी नाही, पाण्याची धार तर मुळीच नाही. पहिल्या ग्रिलचा काळा लेप मीच घासणीने उडवला, नंतर प्रत्येक सँडविच चिकटायचं. ट्रेमधलं तेल राइस मिलच्या तुसाच्या राखेत कालवते. राख ते शोषून घेते, मग कचऱ्याच्या गाडीत.

४. शेजारची म्हातारी दर दोन दिवसांनी विचारते, “कारं झालं म्हून तेल कायले टाकते वो? भजे तं होतेतच ना!”

“होतात ना आजी. पण घशाला लागतात, पोटाला बाधतात.”

तिने जन्मभर थेंब थेंब जपून संसार केला, तिचं चुकतं असं मी म्हणत नाही. पण १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातल्या बिघडलेल्या, म्हणजे ध्रुवीय, घटकांवर देशभर २५ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यापुढचं तेल खाण्यात वापरायचं नाही, त्याचं बायोडिझेल होऊ शकतं. रोज ५० लिटरच्या वर तेल लागतं त्यांना हिशोबही ठेवावा लागतो. माझं चार लिटरचं दुकान त्यात बसत नाही, तरी वहीत तारीख टाकते. ही भजी शाळेतली लेकरं खातात.

रात्री ९. गॅस बंद. तेल गाळायला बरणीवर धोतराचं चौपदरी फडकं बांधायला घेते. पोराला घरी जायची घाई आहे, पण तेल अजून फार गरम आहे आणि फार गार झालं तर फडक्यातून उतरणार नाही. दोघं स्टुलावर बसून वाट पाहतो.