सालोमालो
सालोमालो : (सतरावे शतक). संत तुकारामांचे अभंग स्वतःच्या नावावर खपविणारा त्यांचा समकालीन. तसेच संत तुकाराम (१९३६) या मराठी बोलपटातील खलपात्र. तुकारामांचे गाव देहू हे पुणे–मुंबई लोहमार्गावरील देहूरोड स्थानकाजवळ, इंद्रायणीकाठी वसले आहे. सालोमालोच्या उचलेगिरीचा समाचार तुकारामांनी स्वतःच अभंगांतून घेतला आहे.

प्रभात फिल्म कंपनीने पुण्यात निर्मिलेल्या या बोलपटाचे दिग्दर्शन विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनी, तर पटकथालेखन शिवराम वाशीकर यांनी केले. त्यात विष्णुपंत पागनीस यांनी तुकारामांची, गौरी यांनी जिजाईची व भागवत यांनी सालोमालोची भूमिका केली. चरित्रकथांत तुकारामांचा छळ मुख्यतः मंबाजीच्या नावे सांगितला जातो. बोलपटात मात्र विरोधाची सूत्रे सालोमालोच्या हाती देऊन कथानक एकसंध केले आहे.

हा भोंदू विनोदी आहे. कारण त्याचा प्रत्येक डाव त्याच्यावरच उलटतो. आरंभीच तुकाराम एकाग्र भावाने गातात. पाठोपाठ तीच रचना सालोमालो आपली म्हणून नटव्या ढंगात म्हणतो. शब्द तेच राहतात, पण भाव हरवतो. उसन्या शब्दांना अनुभवाचे बळ नसते, हे दिग्दर्शकांनी निवेदनाविना, केवळ गायनातील भेदाने दाखविले आहे. पुढे तुकारामांच्या शीलभंगासाठी त्याने धाडलेली कलावंतीण त्यांचीच भक्त बनते. शिवाजी महाराज देहूस आले असता तो शत्रूस वर्दी देतो. तीही निष्फळ ठरते.

तथापि या विनोदाला काळी किनार आहे. सालोमालोच्या चिथावणीने पंडित रामेश्वरशास्त्री देहूस येतात व अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविण्याची आज्ञा करतात. शूद्राने धर्मविषयक रचना करावी की नाही, हा खरा वाद तेथे उघड होतो. क्षुद्र ठकाची लबाडी ज्ञानाधिकाराच्या मक्तेदारीशी हातमिळवणी करते, तेव्हा एका कवीचे सर्वस्व पणाला लागते. वह्या तरतात, रामेश्वरशास्त्रीही अखेर तुकारामांना शरण जातात.

१९३७ साली व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा बोलपट गौरविला गेला. त्याच्या यशाचे श्रेय बहुधा पागनीस यांच्या अभिनयास दिले जाते, व ते यथार्थच आहे. परंतु तुकारामांच्या साधेपणाचे मोल प्रेक्षकास उमगते, ते सालोमालोच्या फसलेल्या नकलेमुळे.