ठासणीच्या बंदुकीची स्वच्छता : मळ, विद्रावक आणि इतिहास

महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. कोडगूमध्ये कैलपोळ्दु या सणाला बंदुकाही पूजेस मांडल्या जातात. पूजेपूर्वी शस्त्र घासूनपुसून लख्ख करावे, ही भावना स्वाभाविक आहे. माळ्यावरची जुनी बंदूक खाली आली की घरातील माणूस चिंच, राख, विटेची पूड किंवा पॉलिश पेपर यांपैकी जे हाताशी असेल ते घेते. हेतू चांगलाच असतो. परंतु लख्ख करणे आणि स्वच्छ करणे या दोन भिन्न क्रिया होत. हा भेद न जाणल्यास शंभर वर्षांच्या उपेक्षेतून तगलेली वस्तू एका दुपारच्या आस्थेने नष्ट होऊ शकते.

ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी नळीच्या तोंडाकडून घालून गजाने ठासतात. नळीच्या मागील टोकाशी असलेल्या बारीक छिद्रावाटे आग आतल्या दारूपर्यंत पोहोचते. ही आग देण्याचे साधन कालानुसार बदलले : प्रथम जळता तोडा, नंतर चकमक आणि एकोणिसाव्या शतकात तांब्याची स्फोटक टोपी. जुनी बंदूक पुष्कळदा भरलेल्या स्थितीतच आढळते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शतकानंतरही पेट घेऊ शकते. म्हणून सफाईची पहिली पायरी मोजमापाची आहे. नळीचे तोंड कोणाकडेही न वळविता गज तळापर्यंत घालावा व तोंडापाशी त्यावर खूण करावी. मग ती खूण तोंडाशी जुळवून गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. त्याचे टोक छिद्राच्या बरेच अलीकडे थांबले, तर आत काहीतरी आहे असे समजावे आणि काम तेथेच थांबवून परवानाधारक कारागिरास बोलवावे.

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. त्यात सोऱ्याचे प्रमाण सुमारे ७५ टक्के असते. ती जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने मागे उरतो. त्यात पोटॅशियमची कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड अशी लवणे असतात. ती हवेतील ओलावा ओढून घेतात आणि त्यांच्याखाली लोखंड गंजू लागते. ही लवणे खनिज तेलात विरघळत नाहीत. म्हणून न धुता तेल लावलेली नळी वरून चकाकते आणि आतून गंजत राहते. या मळाचा खरा विद्रावक साधे पाणी होय. ते गरम असल्यास अधिक चांगले, कारण तापलेली नळी लवकर वाळते. लाकडी दस्ता व चापाची यंत्रणा अलग करून केवळ नळी धुवावी, पूर्ण कोरडी करावी आणि मगच तेल लावावे. जर्मनीत १९०४ साली तयार झालेले बॅलिस्टॉल हे तेल पाण्यात मिसळून दुधाळ करता येते, त्यामागील तत्त्व हेच आहे : पाणी लवणे विरघळविते व उडून जाते, तेलाचा पातळ थर मागे राहतो.

पुढे मळाचे स्वरूप बदलले. स्फोटक टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट वापरले जाऊ लागले. ते जळून होणारे पोटॅशियम क्लोराइड गुणाने खाण्याच्या मिठासारखेच असते. त्यालाही पाणीच लागते. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने धूरविरहित दारू सिद्ध केली. तिच्या जोडीने आलेल्या वेगवान गोळ्यांवर तांबेमिश्रित धातूचे आवरण असे आणि त्याचा लेप नळीत बसू लागला. अमेरिकेत १९०३ साली निघालेला हॉप यांचा ‘नंबर नऊ’ हा विद्रावक या नव्या दारूच्या मळासाठी होता. तांबे काढण्याकरिता अमोनियायुक्त विद्रावक योजतात. फडक्यावर उमटणारी निळसर छटा ही तांबे विरघळत असल्याची खूण. ठासणीच्या बंदुकीत सामान्यतः शिशाची उघडी गोळी असे. तिच्या नळीत तांब्याचा लेप नसल्यामुळे हा विद्रावक तेथे निरर्थक ठरतो.

निरर्थकच नव्हे, तर अपायकारकही. कारण जुन्या बंदुकीची जोडकामे पुष्कळदा पितळी असतात. अमोनिया पितळेचे काय करतो, याचे उदाहरण भारतातच घडले. ब्रिटिश फौजेने पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत साठविलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रापासून निर्माण होणारा अमोनिया, दमट हवा आणि घडणीच्या वेळी धातूत राहिलेला ताण यांचा तो एकत्रित परिणाम होता, हे १९२१ साली स्पष्ट करण्यात आले.

गंजाची गोष्ट निराळी आहे. गंज हा बाहेरून येऊन बसलेला मळ नव्हे. ते धातूचेच रूपांतर होय. तो काढला म्हणून गेलेला धातू परत येत नाही. सुटा, तांबडा गंज तेलात काही दिवस भिजवून पोलादापेक्षा मऊ अशा तांब्याच्या वा काशाच्या साधनाने हलकेच उचलावा. घट्ट बसलेला काळपट तपकिरी थर मात्र राहू द्यावा. चिंचेतील आम्ल हा थरही खाते आणि खालच्या धातूलाही लागते. अनेक हिंदुस्थानी नळ्यांवर सोन्याची कोफ्तगारी असते. खरवडलेल्या पोलादावर ठोकून बसविलेले हे सोने इतके पातळ असते की राखेच्या काही हातांनीच ते नाहीसे होते. त्याबरोबर मालकाचे नाव, सन, शस्त्रागारातील क्रमांकही जातात. दस्त्याचे भय उलट्या बाजूचे : जादा तेल लाकडात मुरून ते काळे व मऊ होते.

येथे हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेची आठवण होते. संपादक लेखनिकाचे हस्तदोष बाजूला काढतो. परंतु समासातील टिपा, दुसऱ्या हाताच्या दुरुस्त्या, पानांची झीज यांची नोंद ठेवतो, कारण पोथीचा प्रवास त्यांतूनच कळतो. बंदुकीच्या छिद्राभोवतीची झीज तिच्या वापराची साक्ष देते, तर दस्त्यावरील पितळी पट्टी एखाद्या जुन्या दुरुस्तीची. म्हणून आधी छायाचित्रे व टिपणे घ्यावीत, विद्रावक प्रथम न दिसणाऱ्या जागी नाण्याएवढ्या भागावर लावून पाहावा, आणि बंदूक पुन्हा चालती करण्याचा मोह टाळावा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील सूट कालबाह्य, पुरातन वा नादुरुस्त अशा ज्या हत्यारांना आहे, ती दुरुस्तीनंतरही झाडता न येणारी असावी लागतात.

पूजा आटोपल्यावर ओले गंध व कुंकू नळीवर तसेच ठेवू नये. ते पुसून, नळी कोरडी करून, तेलाचा हलका हात फिरवावा. ती बंदूक लख्ख दिसणार नाही. पण तिच्यावरील अक्षरे पुढच्या खंडेनवमीलाही वाचता येतील.