तेलाचा कांटा खरें बोलतो काय?

फाल्गुन-चैत्रांत हिंगोली जिल्ह्यांतील शेतांतून निघालेली हळद शिजते, वाळते आणि वसमत व हिंगोली येथील मोंढ्यांकडे तिची रीघ लागते. या दिवसांत नव्या गाड्यांच्या जोडीला विलीजच्या परवान्यानें महिंद्र कंपनीनें बांधलेली एखादी जुनी जीपहि राबत असते. औंढा नागनाथाकडील चढावर अशा गाडीच्या तेलदाबाचा कांटा एकाएकीं शून्यावर यावा, ही कल्पना चालकाच्या पोटांत गोळा आणणारी आहे. एक तर इंजिनांतील तेल खरोखरच थांबलें आहे, नाहीं तर कांटा खोटें बोलत आहे. पहिलें खरें असल्यास मैलभर पुढें जाणें म्हणजे इंजिनाचा जीव घेणें. दुसरें खरें असल्यास इंजिन खोलणें म्हणजे फुकटचा खर्च.

इंजिनांतील क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारों वेळां फिरतो, परंतु तो बेअरिंगाच्या धातूवर टेकत नाहीं. दोहोंमध्यें तेलाचा अतिशय पातळ थर असतो व पंपानें ढकललेल्या तेलावर तो टिकून राहतो. थर तुटला कीं धातूस धातु घासतो आणि थोडक्याच वेळांत बेअरिंग जळून जातें.

हा दाब दाखविणारीं मापकें जुन्या गाड्यांत दोन तऱ्हांचीं आढळतात. पहिल्या तऱ्हेंत बारीक नळीवाटें तेल स्वतःच मापकापर्यंत येतें. मापकांत एक चपटी, वांकवलेली धातूची नळी असते. दाब वाढला कीं ती सरळ होऊं पाहते आणि तिच्या टोकाची हालचाल दांत्यांच्या योगें कांट्यास फिरविते. फ्रान्समधील यूजेन बूर्दों यानें १८४९ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें. दुसऱ्या तऱ्हेंत इंजिनावर 'सेंडर' नांवाचा भाग बसविलेला असतो. त्यांतील पडदा दाबानें हलतो, विजेचा विरोध बदलतो आणि तारेवाटें तो बदल मापकास कळतो.

कांटा पडतांच इंजिन बंद करावें. कांट्यावर संशय घ्यावयाचा तो त्यानंतर. गाडी सपाट जागीं उभी करून कांहीं मिनिटांनीं तेल मोजण्याची पट्टी पाहावी. तेल कमी असल्यास चढावर किंवा वळणावर तें चेंबरच्या एका बाजूस जातें, पंपाच्या तोंडीं हवा येते. तेव्हां कांटा खरेंच सांगत असतो.

तेल पुरेसें असल्यास मापकाकडे वळावें. नळीच्या मापकाचा कांटा इंजिन बंद असतां शून्यावरच हवा. वर अडकलेला कांटा मापकाचाच दोष दाखवितो. नळी दबली किंवा गळत आहे काय, तेंहि पाहावें. ती गाळानें तुंबल्यास कांटा फार सावकाश चढतो. विजेच्या मापकांत इंजिन सुरू न करतां किल्ली फिरवून सेंडरवरची तार काढावी. कांटा एका टोकास जाईल. गाडीच्या पुस्तकांत मनाई नसल्यास तीच तार क्षणभर इंजिनाच्या उघड्या धातूस लावावी. तो दुसऱ्या टोकास जाईल. तसें झाल्यास मापक व तार शाबूत असून दोष बहुधा सेंडरचा. कांटा मुळींच न हलल्यास तार, फ्यूज किंवा मापक तपासावें. सेंडरला अर्थ बहुधा त्याच्या आट्यांतूनच मिळतो. गळती थांबविण्यासाठीं गुंडाळलेली टेप कधीं कधीं तो अर्थच तोडते. खडबडीत रस्त्यावर उड्या मारणारा कांटा बहुधा सैल तारेकडे बोट दाखवितो.

अखेरचा निकाल दुसऱ्या मापकानें लागतो. सेंडर काढून त्याच जागीं खात्रीचें नळीचें मापक बसवावें व इंजिन थोडा वेळच चालवावें. ठोकल्यासारखा आवाज येत असल्यास मात्र तेंहि करूं नये. गरम इंजिनांत दर हजार फेऱ्यांमागें चौरस इंचास सुमारें १० पौंड दाब असावा, असा स्थूल आडाखा आहे. अचूक आंकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकांत मिळतो. मोंढ्याबाहेर वैशाखाच्या उन्हांत, इंजिन चालू ठेवून रांगेंत थांबलेल्या गाडीचा कांटा सकाळपेक्षां खालीं असणें स्वाभाविक आहे, कारण तापलेलें तेल पातळ होतें. परंतु दुसरें मापकहि ठरलेल्या मर्यादेखालचाच दाब दाखवूं लागलें, तर पंप, दाब सोडणारा व्हॉल्व्ह किंवा झिजलेलीं बेअरिंगें यांचाच विचार केला पाहिजे.

सेंडरची किंमत इंजिनाच्या दुरुस्तीपुढें नगण्य असते. म्हणून कांटा खोटा ठरेपर्यंत त्याची साक्ष खरी धरून चालावें, यांतच गाडीच्या मालकाचें हित आहे.