पोलादाच्या पोटात डोकावताना

कांद्याच्या पापुद्र्यातून प्रकाश आरपार जातो, पोलादातून नाही. म्हणून धातूच्या सूक्ष्मदर्शकात प्रकाश भिंगातूनच नमुन्यावर पाडतात; तो परतून त्याच वाटेने डोळ्यापर्यंत येतो. खरी मेहनत मात्र आधीची. तुकडा पॉलिश पेपरवर घासून चकचकीत करायचा, मग नायटलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमधल्या २ ते ५ टक्के नायट्रिक आम्लात, काही सेकंद बुडवायचा. आम्ल कणांच्या सीमा कोरते, तेव्हा कुठे चित्र उमटते. ओरखडा राहिला, तर तोच भेगेसारखा दिसून फसवतो! शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६३-६४च्या सुमारास या तंत्राचा पाया घातला. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना यात दिसते ते बिडातले ग्रॅफाइट : पाकळ्यांसारखे पसरलेले असेल तर साधे, ठिसूळ बीड, गोळ्या झालेल्या असतील तर चिवट ‘एसजी आयर्न’.